अन्ननलिकेतील कर्करोगपूर्व बदल दुर्बिणीने शोधताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

अन्ननलिकेच्या अस्तरातील कर्करोगपूर्व बदल तपासणीत सुटतात, तेव्हा दोष सहसा दुर्बिणीवर ढकलला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अस्तर नीट धुतलेले नसते, वरचा भाग घाईने ओलांडलेला असतो, रंगद्रव्य वापरायचे राहून गेलेले असते किंवा सुजलेल्या अस्तराचा तुकडा घेऊन त्यावरून निष्कर्ष काढलेला असतो. या सगळ्या चुका क्रम पाळल्यास टळतात. म्हणून हा लेख एंडोस्कोपी करू लागलेल्या डॉक्टरांसाठी आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या परिचारिका व तंत्रज्ञांसाठी टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. तपासणीला जाणाऱ्या रुग्णाला यातला दुसरा आणि शेवटचा टप्पा उपयोगी पडेल.

## टप्पा १: आपण नेमके काय शोधत आहोत, हे आधी ठरवावे

अन्ननलिकेत दोन वेगळ्या प्रकारचे कर्करोगपूर्व बदल होतात आणि दोघांची शोधपद्धत वेगळी आहे. पहिला बदल मूळच्या स्क्वेमस, म्हणजे चपट्या पेशींच्या, अस्तरात होतो. पेशींची रचना अशी बिघडण्याला डिस्प्लेसिया म्हणतात, म्हणून हा स्क्वेमस डिस्प्लेसिया. दुसऱ्यात, वर्षानुवर्षे आम्ल वर येत राहिल्यामुळे, खालच्या भागातील स्क्वेमस अस्तराची जागा आतड्यासारख्या पेशींचे लालसर अस्तर घेते. ही बॅरेट अन्ननलिका होय, आणि पुढे त्या अस्तरात डिस्प्लेसिया होऊ शकतो.

भारतात अन्ननलिकेचा कर्करोग अजूनही प्रामुख्याने स्क्वेमस प्रकारचा आहे. पाश्चात्त्य पुस्तके वाचून शिकलेल्या डॉक्टरांचे लक्ष मात्र बॅरेटवर, म्हणजे शेवटच्या काही सेंटिमीटरवर, खिळलेले राहते आणि मधला व वरचा भाग दुर्लक्षित होतो. आपल्याकडच्या कामात ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून दुर्बीण हातात घेण्याआधी पुढील प्रश्न रुग्णाला विचारून कागदावर लिहावेत. तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी किंवा सिगारेट यांपैकी काय आणि किती वर्षे? दारू किती? तोंडाचा, घशाचा किंवा स्वरयंत्राचा कर्करोग पूर्वी झाला आहे का? अॅकॅलेशिया, म्हणजे अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडण्याचा आजार, आहे का? लहानपणी किंवा नंतर अॅसिड वा कॉस्टिक पोटात गेले होते का? छातीत जळजळ किती वर्षांची आहे? मिश्रीबद्दल मुद्दाम नाव घेऊन विचारावे, कारण सकाळी दात घासायला मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रिया "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला प्रामाणिकपणे "नाही" असेच उत्तर देतात.

> तपासून पाहा: तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असेल, तर लुगोल आयोडीन (अस्तर रंगवणारे द्रावण) किंवा एनबीआय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दुर्बिणीत वापरला जाणारा अरुंद पट्ट्याचा प्रकाश) यांपैकी किमान एक पद्धत वापरायचीच, हे विनंतिपत्रावर आधीच लिहून ठेवले आहे का? तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या अस्तराने तेच तंबाखू आणि तीच दारू सोसलेली असते, त्यामुळे अशा रुग्णांत दुसरी गाठ सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते.

## टप्पा २: रुग्णाची आणि खोलीची तयारी

घन पदार्थ किमान ६ ते ८ तास आणि साधे पाणी किमान २ तास बंद ठेवावे. अॅकॅलेशिया असलेल्या किंवा घास अडकणाऱ्या रुग्णाला हा नियम पुरत नाही. त्याच्या अन्ननलिकेत आदल्या दिवसाचा भात सापडू शकतो, म्हणून त्याला आदले एक-दोन दिवस फक्त पातळ आहारावर ठेवावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत रुग्ण दोन टोकांना जातात: काही जण न विचारता गोळ्या बंद करतात, तर काही जण त्यांचा उल्लेखच करीत नाहीत. साधी बायोप्सी ही कमी रक्तस्रावाची प्रक्रिया आहे, त्यामुळे अॅस्पिरिन सहसा चालू ठेवता येते. वॉरफॅरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे हे सांगणारी चाचणी) आधी पाहून घ्यावा, आणि नव्या प्रकारच्या गोळ्यांचा त्या सकाळचा डोस टाळण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यावा. आम्लविरोधी गोळ्या बंद करण्याची गरज नाही. बॅरेटच्या पाठपुराव्यात तर त्या चालूच असाव्यात, कारण सूज असलेल्या अस्तरात डिस्प्लेसिया ओळखणे पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जाते.

सर्वांत जास्त वगळली जाणारी आणि सर्वांत स्वस्त पायरी म्हणजे फेस आणि बुळबुळीत स्राव कमी करणारे पेय. सिमेथिकोन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन ५० ते १०० मिली पाण्यात मिसळून तपासणीच्या साधारण १० ते ३० मिनिटे आधी प्यायला द्यावे. हे पेय प्रतीक्षागृहातच द्यावे, टेबलावर झोपवल्यावर दिले तर त्याला काम करायला वेळ मिळत नाही.

खोलीत पुढील वस्तू आधी मांडून ठेवाव्यात: पाण्याचा पंप किंवा मोठ्या सिरिंजा, फवाऱ्याची नळी, लुगोल आयोडीन, सोडियम थायोसल्फेट, बायोप्सी फोर्सेप्स, आणि फॉर्मॅलिनच्या किमान सहा बाटल्या. बाटल्यांवर रुग्णाचे नाव व क्रमांक लिहिलेला असावा आणि अंतराची जागा रिकामी ठेवावी. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी बसवता आली तर वरचा भाग आणि घड्यांमागचे अस्तर पाहणे बरेच सोपे होते.

अन्ननलिका फार आकुंचन पावत असेल तर हायोसिन ब्युटिलब्रोमाइड शिरेतून देता येते.

> इशारा: काचबिंदू, जलद हृदयगती, लघवी अडण्याचा त्रास किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिस असल्यास हे इंजेक्शन देऊ नये. यादीतील शेवटच्या रुग्णापर्यंत हा प्रश्न विचारला जाईल, अशी जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावी.

## टप्पा ३: आत जाताना

दुर्बीण डोळ्यांदेखत, पाहत-पाहत आत न्यावी. घशाच्या खालचा भाग, विशेषतः स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खोबणी, इथेच पाहून घ्याव्यात, कारण रंगद्रव्य वापरल्यावर आणि रुग्ण खोकू लागल्यावर ही संधी परत मिळत नाही.

आत जाताना कोठेही ओरखडा पडू देऊ नये. दुर्बिणीने पडलेली लाल रेघ नंतर एनबीआयमध्ये संशयास्पद डागासारखी दिसते आणि त्यावर वेळ वाया जातो. आत जाताना प्रत्येक संशयास्पद जागेचे छायाचित्र मात्र लगेच घ्यावे, कारण परत येताना ती जागा घर्षणाने बदललेली असू शकते.

## टप्पा ४: धुणे, आणि पांढऱ्या प्रकाशात पाहणे

जठरातील द्रव प्रथम ओढून घ्यावा, मग अन्ननलिका वरून खाली धुवावी. रुग्ण डाव्या कुशीवर असल्यामुळे द्रव डाव्या भिंतीवर साचतो आणि त्या डबक्याखालचे अस्तर दिसतच नाही. ते ओढून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ओढताना दुर्बिणीचे टोक भिंतीला चिकटले तर गोल लाल चट्टा उमटतो, म्हणून टोक द्रवात राहील आणि भिंतीपासून दूर राहील अशी काळजी घ्यावी.

नंतर हवा भरून अस्तर पूर्ण ताणावे, आणि त्याच जागी थोडी हवा काढून पुन्हा पाहावे. चपटे बदल ताणलेल्या अस्तरात रंगाने कळतात, तर किंचित उंचवटा किंवा ताठरपणा हवा कमी केल्यावर कळतो. शोधायच्या खुणा साध्या आहेत: किंचित लालसर ठिपका, नेहमीच्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी अचानक तुटणे, खडबडीत किंवा पांढुरकी जागा, पृष्ठभागावरची चमक जाणे. ग्लायकोजेनिक अॅकँथोसिसचे पांढरे, गुळगुळीत, विखुरलेले उंचवटे निरुपद्रवी असतात. कँडिडा या बुरशीचे पांढरे थर धुतल्यावर काही अंशी सुटतात आणि खाली लाल अस्तर दिसते.

वरचा भाग, म्हणजे समोरच्या दातांपासून सुमारे १५ ते २५ सेंमी अंतरावरचा, बाहेर येताना पाहावा. क्रिकोफॅरिंजसजवळ, म्हणजे अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाच्या स्नायूजवळ, येताच दुर्बीण सटकन बाहेर येते, हे सर्वांना माहीत आहे. तरीही तिथे हात सैल सोडला जातो. २० सेंमीपासून पुढे एकेक सेंटिमीटर मोजून मागे यावे. तिथे आढळणारा मखमली, गुलाबी, स्पष्ट कडांचा चट्टा बहुधा जन्मजात जठर-अस्तराचा असतो. त्याला कर्करोग समजू नये, आणि त्याच्या शेजारचे अस्तर पाहायचेही विसरू नये.

> तपासून पाहा: दुर्बीण आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत वरच्या पचनमार्गाच्या संपूर्ण तपासणीला किमान ७ मिनिटे लागली का? बॅरेट असेल तर त्या भागासाठी दर सेंटिमीटरला साधारण १ मिनिट धरावे.

## टप्पा ५: खुणा मोजणे

बॅरेटचे निदान मोजमापावर उभे असते. तीन अंतरे लिहावीत: डायाफ्रॅमची चिमटी, जठराच्या घड्यांचे वरचे टोक, आणि लाल अस्तराची सीमा. अन्ननलिका व जठर यांचा सांधा म्हणजे जठराच्या घड्यांचे वरचे टोक. हवा जास्त भरली असेल तर या घड्या सपाट होतात आणि सांधा चुकीच्या जागी धरला जातो, म्हणून हे माप हवा कमी करून घ्यावे. डायाफ्रॅमची चिमटी सांध्याच्या खाली असेल तर हायाटस हर्निया आहे. तो लक्षात न आल्यास वर सरकलेले जठरच बॅरेट म्हणून नोंदवले जाते. नवशिक्यांची ही फार नेहमीची चूक आहे.

बॅरेटची लांबी प्राग पद्धतीने नोंदवावी: सी म्हणजे सर्व बाजूंनी लाल असलेल्या भागाची लांबी आणि एम म्हणजे कमाल लांबी, दोन्ही घड्यांच्या टोकापासून मोजलेल्या. उदाहरणार्थ, घड्यांचे टोक ३८ सेंमीवर, सर्व बाजूंनी पूर्ण लाल असलेल्या भागाची वरची सीमा ३६ सेंमीवर आणि सर्वांत लांब जिभेसारखा पट्टा ३३ सेंमीपर्यंत असेल, तर नोंद सी२ एम५ अशी होते. लाल अस्तर १ सेंमीपेक्षा कमी वर चढलेले असेल तर ती अनियमित झेड रेषा (दोन अस्तरांमधली सीमारेषा) आहे. तिचे तुकडे घेऊ नयेत आणि अहवालात बॅरेट हा शब्द वापरू नये. त्या एका शब्दाने रुग्ण पुढची कित्येक वर्षे विनाकारण भीतीत राहतो आणि त्याच्या तपासण्या होत राहतात.

## टप्पा ६: एनबीआय, असेल तर

एनबीआय नेहमी आयोडीनच्या आधी वापरावे, कारण आयोडीनने अस्तर रंगल्यावर सूक्ष्म रक्तवाहिन्या वाचता येत नाहीत. दूरून पाहताना तपकिरी छटेचा स्पष्ट कडा असलेला चट्टा शोधावा. मग जवळ जाऊन, शक्य असल्यास मोठे करून, अस्तरातील रक्तवाहिन्यांचे फास पाहावेत. जपानी वर्गीकरणात सामान्य किंवा जवळपास सामान्य फासांना ए म्हणतात. फास रुंद, वेडेवाकडे, एकसारखे नसलेले पण फासाचा आकार टिकवून असतील तर ते बी१ आणि बदल वरच्या थरातच असण्याची शक्यता जास्त. फासाचा आकार हरवला तर बी२, आणि वाहिन्या खूप जाड झाल्या तर बी३, म्हणजे बदल खोल गेलेला असण्याची शक्यता. बी२ किंवा बी३ दिसल्यास रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवावे.

## टप्पा ७: लुगोल आयोडीन

ज्या रुग्णालयात एनबीआय नाही, तिथेही लुगोल वापरता येते. आपल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हीच खरी हाती असलेली पद्धत आहे, म्हणून ती नीट समजून घेण्यासारखी आहे. सामान्य स्क्वेमस पेशींमध्ये ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असते, त्यावर आयोडीन बसून अस्तर गडद तपकिरी होते. डिस्प्लेसियाच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन कमी असल्याने ती जागा रंगत नाही.

आधी विचारावे: आयोडीनची अॅलर्जी, थायरॉइड जास्त काम करण्याचा आजार, गरोदरपणा, आणि नजीकच्या काळात ठरलेला थायरॉइडचा स्कॅन. यांपैकी काहीही असल्यास लुगोल टाळावे.

द्रावण: बाटलीवरील प्रमाण वाचावे. बाजारातील ५ टक्क्यांचे द्रावण तसेच वापरल्यास छातीत तीव्र जळजळ होते आणि अस्तराला इजा होते. साधारण १ ते २ टक्के पुरेसे आहे. विरळ केलेल्या बाटलीवर तारीख आणि प्रमाण लिहून ती उजेडापासून दूर ठेवावी.

फवारणी: रुग्णाचे डोके थोडे उंच करावे, तोंडातील सक्शन चालू ठेवावे. सांध्यापासून सुरुवात करून हळूहळू वर येत १० ते २० मिली फवारावे आणि २० सेंमीच्या वर फवारणी थांबवावी. त्याच्या वर गेलेले आयोडीन घशात आणि श्वासनलिकेत उतरू शकते. वरचा उरलेला भाग पांढऱ्या प्रकाशातच बारकाईने पाहावा.

वाचन: सुमारे मिनिटभर थांबून जादा आयोडीन धुऊन काढावे. आता अस्तर गडद महोगनी रंगाचे दिसते आणि त्यात फिक्या पिवळ्या जागा उठून दिसतात. घाई करून लगेच तुकडा घेऊ नये. २ ते ३ मिनिटे वाट पाहिल्यावर काही फिक्या जागा गुलाबी होतात. हे गुलाबी होणे उच्च दर्जाच्या डिस्प्लेसियाची किंवा सुरुवातीच्या कर्करोगाची महत्त्वाची खूण आहे, आणि ती फक्त थांबणाऱ्याला दिसते. ५ मिमीपेक्षा मोठी, स्पष्ट कडांची, गुलाबी झालेली जागा ही पहिल्या बायोप्सीची जागा समजावी. अस्तर बिबट्याच्या कातडीसारखे लहान-लहान असंख्य फिक्या ठिपक्यांनी भरलेले असेल तर, एकही जागा गुलाबी नसली तरी, त्या रुग्णाला धोका जास्त आहे आणि त्याची तपासणी लवकर परत करावी लागेल, हे नोंदवावे.

सूज, बॅरेट अस्तर, जन्मजात जठर-अस्तर आणि दुर्बिणीचे ओरखडे हेही रंगत नाहीत. म्हणून पांढऱ्या प्रकाशातील आधीची छायाचित्रे शेजारी ठेवून वाचन करावे.

शेवटी: ५ टक्के सोडियम थायोसल्फेट सुमारे २० मिली फवारावे, त्याने आयोडीन निष्प्रभ होते. मग जठरात उतरलेले आयोडीन ओढून घेणे विसरू नये. हे दोन्ही केल्यास छातीची जळजळ पुष्कळ कमी होते.

> इशारा: बायोप्सी केल्यानंतर लुगोल फवारू नये. रक्ताने वाचन बिघडते. क्रम नेहमी पाहणे, एनबीआय, लुगोल आणि मगच तुकडा असा ठेवावा.

## टप्पा ८: बॅरेटसाठी अॅसिटिक आम्ल

बॅरेट अस्तरावर लुगोलचा उपयोग नाही. तिथे १.५ ते २.५ टक्के अॅसिटिक आम्ल फवारल्यास अस्तर पांढरे होते आणि डिस्प्लेसिया असलेली जागा आजूबाजूच्या अस्तराआधी पुन्हा लालसर होते. पडद्यावरील दृश्य घड्याळाची तबकडी मानल्यास अशा बदलांचे प्रमाण १२ ते ६ या उजव्या अर्ध्या भागात जास्त आढळते, म्हणून तिथे अधिक वेळ द्यावा. सांध्याजवळचा भाग जठरात दुर्बीण वळवूनही पाहावा.

> इशारा: प्रयोगशाळेतील ग्लेशियल अॅसिटिक आम्ल जवळपास शुद्ध आम्ल असते आणि ते अस्तर जाळते. विरळ करण्याचे काम फार्मसीतच व्हावे. प्रमाण न लिहिलेली बाटली एंडोस्कोपीच्या खोलीत येऊच देऊ नये.

## टप्पा ९: बायोप्सी

लॉस एंजेलिस वर्गीकरणातील सी किंवा डी दर्जाची, म्हणजे तीव्र, सूज असेल, आणि कर्करोगाची शंका येईल अशी कोणतीही गाठ किंवा व्रण नसेल, तर त्या दिवशी बॅरेट ठरवण्यासाठी तुकडे घेऊ नयेत. आम्लविरोधी औषध ८ ते १२ आठवडे देऊन दुर्बीण पुन्हा घालावी. सुजेखाली लपलेले बॅरेट अस्तर तेव्हा स्पष्ट दिसते आणि सुजेमुळे डिस्प्लेसियासारख्या दिसणाऱ्या पेशींचा गोंधळही टळतो.

तुकडे घेण्याचा क्रम असा:

१. दिसणाऱ्या संशयास्पद जागेचा तुकडा सर्वांत आधी, स्वतंत्र बाटलीत.
२. स्क्वेमस भागातील फिक्या जागेत तुकडा मध्यभागातून घ्यावा. कडेचा घेतल्यास निम्मे सामान्य अस्तर येते.
३. बॅरेट भागात त्यानंतर चारही बाजूंनी, दर २ सेंमीला. पूर्वी डिस्प्लेसिया आढळला असल्यास दर १ सेंमीला.
४. सुरुवात खालून करून वर यावे, म्हणजे वाहणारे रक्त पुढच्या जागेवर येत नाही.
५. प्रत्येक पातळीची बाटली वेगळी असावी.

एका बारीक पण महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. दुर्बिणीने काढता येईल असा लहान चपटा बदल दिसला, तर त्यातून एक किंवा दोनच तुकडे घ्यावेत. सहा-आठ ठिकाणी टोचल्यास खाली व्रण भरून कडक ऊती तयार होते आणि मोठ्या केंद्रात तो बदल एकसंध काढताना अडथळा येतो.

बाटलीवर फक्त "अन्ननलिका" एवढेच लिहिलेले असते, तेव्हा पॅथॉलॉजिस्टचा अहवाल कितीही चांगला असला तरी उपचार करणाऱ्याला ती जागा परत सापडत नाही. "२९ सेंमी, ४ वाजता, लुगोलने न रंगलेली, गुलाबी, ८ मिमी" अशी चिठ्ठी लिहायला काही सेकंद लागतात.

> तपासून पाहा: बाटल्यांची संख्या, विनंतिपत्रावरील ओळींची संख्या आणि अहवालात लिहिलेल्या जागांची संख्या जुळते का? रुग्ण टेबलावरून उतरण्याआधीच हे मोजावे.

## टप्पा १०: अहवाल आणि पुढची तारीख

अहवालात तयारीचा दर्जा, कोणते रंगद्रव्य वापरले, प्रत्येक बदलाचे दातांपासूनचे अंतर, घड्याळाची दिशा, आकार आणि पॅरिस वर्गीकरणानुसार रूप लिहावे: उंच, किंचित उंच, पूर्ण सपाट, किंचित खोल की व्रणासारखे. लाळ आणि फेसामुळे काही भाग दिसला नसेल तर तेही स्पष्ट लिहावे. "अन्ननलिका सामान्य" हे दोन शब्द पुढचा डॉक्टर खरे मानणार आहे.

बायोप्सीचा अहवाल आल्यावर पुढील गोष्टी कराव्यात.

- बॅरेट, डिस्प्लेसिया नाही: कमाल लांबी ३ सेंमीपेक्षा कमी असल्यास साधारण ५ वर्षांनी, ३ ते १० सेंमी असल्यास ३ वर्षांनी तपासणी. १० सेंमी किंवा त्याहून जास्त असल्यास तज्ज्ञ केंद्राकडे पाठवावे.
- डिस्प्लेसियाबाबत अनिश्चित: आम्लविरोधी औषध योग्य मात्रेत देऊन, साधारण ६ महिन्यांत पुन्हा तुकडे.
- बॅरेटमधील कमी दर्जाचा डिस्प्लेसिया: पचनमार्गाच्या कामाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून त्याच काचपट्ट्या तपासून घ्याव्यात. निदान कायम राहिल्यास ६ महिन्यांत पुन्हा दुर्बीण, आणि पुढील उपचार तज्ज्ञ केंद्रात ठरवावा.
- स्क्वेमस कमी दर्जाचा डिस्प्लेसिया: पुढची तपासणी लुगोल किंवा एनबीआयसहच करावी. केवळ पांढऱ्या प्रकाशातील तपासणीला पाठपुरावा मानू नये.
- उच्च दर्जाचा डिस्प्लेसिया, कोणत्याही प्रकारचा: रुग्णाला दुर्बिणीने अस्तर काढण्याची सोय असलेल्या केंद्राकडे विलंब न करता पाठवावे. दिसणारा बदल पूर्ण काढल्यावरच त्याची खरी खोली कळते, त्यामुळे हे काढणे एकाच वेळी निदानही असते आणि उपचारही.

रुग्णाला घरी पाठवताना तीन गोष्टी तोंडी सांगून कागदावरही द्याव्यात. लुगोलमुळे थुंकी तपकिरी येईल आणि काही तास छातीत जळजळ राहील, त्याने घाबरू नये. तीव्र छातीदुखी, ताप, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा धाप लागल्यास मात्र त्याच दिवशी परत यावे. आणि बायोप्सीचा अहवाल कोणत्या तारखेला, कोणाकडून घ्यायचा, हे नावानिशी लिहून द्यावे. लांबच्या गावाहून आलेला रुग्ण "काही असेल तर कळवतील" असे समजून घरी बसतो, म्हणून नातेवाइकाचा फोन क्रमांक नोंदवून, ठरलेल्या दिवशी तो आला नाही तर फोन करण्याचे काम खोलीतील एका व्यक्तीकडे सोपवावे.